मिथुनच्या मागच्या सीटवर

होळी झाली की महाप्याच्या पुढचा डोंगर पेटायला लागतो. सुकलेलं गवत, कुणीतरी फेकलेली विडी, आणि थेट शिळफाट्यापर्यंत रस्ता धुराने भरतो. घणसोली गावचा हरेश त्याच रस्त्याने रोज मोटरसायकलवर डोंबिवलीच्या कारखान्यात जायचा. नाकाला रुमाल, चुरचुरणारे डोळे, संध्याकाळी शर्टाला जळक्या गवताचा वास. त्याची कधी तक्रार नव्हती. यंदा मात्र त्याचा चुलतभाऊ मिथुन त्याच रस्त्यावर गाडी लावून आग विझवायला लागला.

मिथुन त्याच्याहून लहान, कामाला त्याच कारखान्यात, पण गाडी कोरी, काळीकुळकुळीत. वणवा विझवणाऱ्या पोरांच्या ग्रुपमध्ये तो शिरला. हिरव्या फांदीने ज्वाळा झोडपतानाचा त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. देवळापाशी बसणारे म्हातारे त्याला थांबवून पाठ थोपटू लागले. हरेशची आई पुतळाबाई तर ताट वाढताना रोज तेच काढायची.

"मिथुन बघ कसा आगीत शिरतो. तू पन त्याच रस्त्यानं जातोस ना?"

हरेश भराभर जेवून उठायचा. तो व्हिडिओ त्याने एकट्याने कितीतरी वेळा पाहिला होता, मिथुनचा कुठला फटका फुकट जातो ते शोधत.

एका संध्याकाळी घरी येताना वळणावर धुराचा लोट दिसला. मिथुनची गाडी कडेच्या गवतात उभी होती आणि तो पोरांबरोबर वर चढावर होता. वारा फिरला होता. आग सरपटत गाडीकडेच येत होती. हरेशने ब्रेक मारला. वर कुणाचंच लक्ष नव्हतं.

जळू दे, असं त्याच्या मनात अगदी स्पष्ट आलं. उद्या म्हातारे काय थोपटतात ते बघू.

तो तसाच बसून राहिला. मग मिथुनच्या गाडीचं पुढचं चाक धुरात दिसेनासं झालं, तसा तो उतरून धावला. हँडल लॉक होतं. त्याने मागून धरून गाडी फरफटत डांबरावर ओढली. वितळलेलं प्लॅस्टिक उजव्या तळहाताला चिकटलं, तेव्हा तो ओरडला.

पट्टी बांधून घरी आला, तर आईने दारातच विचारलं, "मिथुनला काय झालं नाय ना?"

"नाय," हरेश म्हणाला आणि न जेवता झोपला.

भाजलेल्या हाताने रेस देणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिथुन दारात हजर. "दादूस, बस मागं. माज्यामुळं हात भाजला तुजा."

नाही म्हणायला कारण सापडेना. त्या दिवसापासून हरेश मिथुनच्या मागे बसून जाऊ लागला. नाक्यावर लोक मिथुनला हात करायचे, आणि हरेश त्याच्या मानेकडे बघत बसायचा. मिथुन खड्डे चुकवायचा, हात दुखतो का विचारायचा. त्याने थोडा जरी माज केला असता तरी हरेशला सोपं गेलं असतं.

मग एक दिवस परतताना पुन्हा डोंगर पेटलेला दिसला. मिथुनने गाडी या खेपेला डांबरावरच लावली, हेल्मेट काढून हरेशकडे दिलं. "दोन मिनटं, दादूस. तू गाडीपाशी थांब."

हरेश थांबला. एक हेल्मेट डोक्यात, एक काखेत. येणारेजाणारे गाड्या हळू करून वर मिथुनकडे बोट दाखवत होते. हरेशकडे एकानेच पाहिलं, ते शिळफाटा किती लांब हे विचारायला.

त्याने दोन्ही हेल्मेटं आरशांना अडकवली, डाव्या हाताने एक फांदी मोडली आणि चढाला लागला. फटके वेडेवाकडे पडत होते. ठिणग्या शर्टावर येत होत्या.

"वाऱ्याच्या बाजूनं मार, दादूस!" मिथुन ओरडला.

"मना नको शिकवू," हरेश म्हणाला, आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन मारू लागला.