टाकीवर बसलेला मिस्त्री

माझ्या कामांच्या यादीत त्याचं नाव कधी आलंच नाही. 'गॅसवाला मिस्त्री' एवढंच लिहायचो. रॉकेल मिळेनासं झालं त्या वर्षी किन्हीराजात पहिला गोबरगॅस आम्ही बसवला. तो रोज सायकलवर येई, शेणकाल्यावर तरंगणाऱ्या लोखंडी टाकीला कान लावी आणि सगळं दोनदा बोले, "येते, येते." आमचा फसला तर गावात दुसरा कोणी घेणार नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अखेर गॅस साठून टाकी वर आली. शेगडी पेटली, पण ज्योत करंगळीएवढी. शेजारचे धिप्पाड मामा खो खो हसले. "शेनावर कुठी च्या होते काय बे?"

"गॅस हाये, हाये. जोर नाही," म्हणत मिस्त्री थेट टाकीवर चढून बसला. ज्योत बोटभर वाढली. "मामा, हासून काय राह्यले? वर या, वर या!"

मामा चढले. टाकी दबली आणि स्वयंपाकघरातून माझी बायको ओरडली, "भडकली! निळी निळी!" मिस्त्री वर बसूनच टाळ्या पिटू लागला. चहा उकळला, तरी मामा उतरेनात.

"उतरा ना, मामा, उतरा."

"पहिले सांग, माह्या घरी कधी बसवतं?"