वन्संच्या घराचा नंबर

आमच्या सासूबाईंना सगळी वस्ती देवमाणूस म्हणते. म्हणू दे बापडी. लोकांना त्या दिसतात शनिवारच्या संध्याकाळी, डोक्याला पांढरा रुमाल, हातात जपमाळ. मी त्यांच्या लाँड्रीत त्यांच्या समोर उभी राहून रोज इस्त्री करते आणि रात्री त्यांच्याच ताटाशेजारी जेवते. देवमाणूस कसा असतो ते मला विचारा.

आमच्या चर्चमध्ये पवित्र मरियेची एक लाकडी मूर्ती आहे. दीड वीत उंच, निळा झगा, नाकाचा रंग जरासा उडालेला. ती घरोघर फिरते. एक आठवडा एका घरी राहायचं, शनिवारी त्या घरच्या माणसांनी मेणबत्ती लावून तिला चालत पुढच्या घरी पोचवायचं आणि तिथे सगळ्यांनी मिळून रोझरीची, म्हणजे जपमाळेवरची, प्रार्थना करायची. फेरा पुरा व्हायला वर्षाच्या वर जातं. कोणाच्या नंतर कोणाचं घर हे सासूबाई ठरवणार, तेही रस्त्याच्या क्रमाने. गरीब-श्रीमंत, लाडका-नावडता, काही नाही. एकदा डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या साखरपुड्यासाठी मूर्ती आठवडाभर आधी मागितली, तर सासूबाईंनी त्यांना दारातच वाटेला लावलं. माता काही भाड्याचं भांडं नाही म्हणाल्या.

प्रार्थना सुरू करण्याआधी त्या घरच्या माणसाकडे वळून विचारतात, "मागणं काय?" त्याने सांगायचं आणि मग सगळ्यांनी त्यासाठी जपमाळ ओढायची. कोणी गुडघेदुखी सांगतो, कोणी पोराची नोकरी. पाववाल्याने एकदा शेजाऱ्याचं कुत्रं गप्प होऊ दे असं मागितलं, शेजारी मागेच उभा! सासूबाई हसल्या नाहीत. त्यासाठीही सगळी माळ म्हटली. कुत्रं अजून भुंकतं.

हे सगळं छानच आहे. माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीवरून.

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या वन्सं. लग्नाआधी त्या लाँड्रीतच होत्या. इस्त्री मला त्यांनीच शिकवली आणि त्यांना सासूबाईंनी. भरतकामाचं कापड आमच्याकडे उलट्या बाजूने दाबतात, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे फुलं चपटी होत नाहीत, बोटाला लागतात. चर्चमधली वेदीवरची कापडं अशीच करतो. वस्तीत दुसऱ्या कोणाला ते जमत नाही. वन्संचा हात तर सासूबाईंपेक्षाही हलका होता, आणि हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं.

वन्संनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं. साधा, कमी बोलणारा माणूस. पण त्याची पहिली बायको त्याला सोडून गेलेली आणि जिवंत. कोर्टाने त्यांना मोकळं केलं होतं, चर्चने केलं नव्हतं. तेव्हाचे म्हातारे फादर वन्संना बोलावून म्हणाले, "चर्चच्या लेखी हे लग्न नाही. मला तुला कम्युनियन देता येणार नाही." म्हणजे मिस्सात, रविवारच्या उपासनेत, फादर प्रत्येकाला देतात ती पवित्र भाकर वन्संना बंद. एवढंच म्हणाले. मी हजर होते. घरी जाऊ नका, तोंड बघू नका, असलं काही म्हणाले नाहीत. ते सासूबाईंनी आपल्या मनाचं जोडलं.

वन्सं दर रविवारी मिस्साला यायच्या. शेवटच्या बाकावर बसायच्या. सगळे कम्युनियनसाठी रांगेत उठले की त्या एकट्याच बसून राहायच्या, मान खाली घालून. सासूबाई त्यांच्या बाकाजवळून पुढे जायच्या आणि तशाच परत यायच्या. एक शब्द नाही. सख्खी आई हो!

आणि मूर्ती. वन्संचं घर पाववाल्याच्या घराच्या पलीकडे, नर्सबाईंच्या घराच्या अलीकडे. दर फेऱ्याला पाववाल्याकडून मूर्ती निघायची आणि नर्सबाईंकडे जायची. मधल्या दारात वन्सं हातात मेणबत्ती घेऊन उभ्या. सासूबाई त्यांच्या घराच्या थोडं आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने सगळ्यांना न्यायच्या आणि पुढे जाऊन पुन्हा अलीकडे आणायच्या. आम्ही सगळे मेंढरांसारखे त्यांच्या मागे. एका साली पलीकडे गटार उघडं होतं, तरी तिकडूनच. नर्सबाईंची चप्पल त्यात गेली.

मी वन्संकडे जात असे. चोरून कशाला, उघड जायची. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीला घड्याळं, सगळ्यांत वेगवेगळी वेळ, आणि समोरच्या भिंतीला एक छोटं टेबल. टेबलावर काही नसायचं. पांढरं कापड, त्याला निळ्या फुलांची किनार, बस. मी एकदा म्हटलं, "वन्सं, इथे काहीतरी ठेवा की, उगाच जागा अडलीय." त्या म्हणाल्या, "ठेवायचं आहे ते अजून आलं नाही." मला कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. घड्याळवाल्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. वन्संनी माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. "अगं, आईला म्हण, एकदा मातेला घेऊन ये. एकच शनिवार. तिने येऊन विचारलं पाहिजे, मागणं काय म्हणून. मला सांगायचंय तिला."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई चादरीवर पाणी शिंपडत होत्या. शिंपडतच राहिल्या. "तिच्या घरी मूर्ती जात नाही," म्हणाल्या.

"का जात नाही?"

"नियम आहे."

त्याच आठवड्यात नवे फादर आपला झगा घेऊन लाँड्रीत आले. तरुण, बोलका माणूस. मी काय, संधीच बघत होते. सासूबाईंच्या देखत विचारलं, "फादर, चर्चबाहेर लग्न केलेल्या बाईच्या घरी मूर्ती नेली तर पाप लागतं का हो?"

फादर चक्रावले. "कोणी सांगितलं? कम्युनियनचं वेगळं आहे. मूर्ती कुठेही जाईल. आजारी माणसाकडे तर आधी जाईल."

"फादर, तुम्ही नवीन आहात," सासूबाई म्हणाल्या.

"आहे ना. म्हणून तर विचारतो. हा नियम केला कोणी?"

सासूबाईंनी झग्याची बाही टेबलावर पसरली आणि इस्त्री उचलली. फादर गेले. त्यांनी पुढे वन्संकडे जाऊन आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावलं, त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्या माणसाने आपलं काम केलं.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मी भांडी आवरत होते तर मागून म्हणाल्या, "मी आता तिच्याकडे गेले, तर इतकी वर्षं मी काय केलं ग? उगाचच केलं म्हणायचं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटला. मी म्हटलं, "आई, झालं गेलं सोडा. उद्या सकाळी जा."

"जाईन," त्या म्हणाल्या. "मूर्ती घेऊन जाईन. तिचा नंबर आला की."

मला आधी कळेचना. मूर्ती वन्संचं दार टाळून नुकतीच नर्सबाईंकडे गेली होती. आता सगळी वस्ती फिरून तिकडे यायची म्हणजे वर्ष जाणार. मी म्हटलं, "अहो, त्यांच्याजवळ तेवढा वेळ आहे का?"

"रांग मोडता येत नाही. डॉक्टरीणबाईंना नाही म्हटलं मी. आता पोटच्या पोरीसाठी रांग मोडली, तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले ते मी सांगते. नर्सबाई लाँड्रीत येऊन म्हणाल्या, माझ्याकडे मूर्ती आहे, आजच त्यांच्याकडे नेऊया. शिंपी म्हणाला, माझा नंबर त्यांना द्या. डॉक्टरीणबाई, हो, त्याच, म्हणाल्या की माझाही द्या. कोणाचीच ना नव्हती. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. आणि सासूबाईंच्या शब्दाबाहेर मूर्ती उचलायची हिंमत आमच्यात कोणाला झाली नाही, हेही खरंच.

शेवटी मी हात जोडले. "मूर्ती राहू द्या. तुम्ही नुसत्या जा. आई म्हणून जा."

"रिकाम्या हातांनी?" त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी त्या दारात रिकाम्या हातांनी कशी उभी राहू?"

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. त्यांचं की माझं, ते विचारू नका.

मूर्ती चालत राहिली. दर शनिवारी एक घर. मी वन्संकडे गेले की त्या विचारायच्या, "कुठे पोचली?" मी सांगायची, शाळेच्या मागे. मग, चक्कीजवळ. मग, मास्तरांकडे. त्या मान हलवायच्या. शेवटी शेवटी उठवत नव्हतं, तरी टेबलावरचं कापड धुऊन त्याला इस्त्री व्हायची. घड्याळवाला टॉवेलची घडी धरायचा आणि त्या खुर्चीत बसून इस्त्री फिरवायच्या. मी करते म्हटलं तर मला हात लावू दिला नाही.

मूर्ती त्यांच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरात असताना वन्सं हॉस्पिटलात गेल्या. मूर्ती पाववाल्याकडे आली आणि वन्सं वारल्या. शेजारचं घर हो! भिंतीला भिंत!

शवपेटी हॉस्पिटलातून थेट चर्चमध्ये आली. सासूबाईंनी वन्संच्या अंगावरचा झगा स्वतः इस्त्री केला होता. दफनाला त्या ताठ उभ्या होत्या, मूठभर माती टाकली, रडल्या नाहीत. वन्संच्या घरी मात्र अजून त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि मग शनिवार आला. मला वाटलं, आता तरी पलीकडच्या फुटपाथने नेतील. नाही. नंबर होता ना! सासूबाईंनी पाववाल्याकडून मूर्ती आपल्या हातात घेतली आणि सरळ चालत त्या दारात गेल्या. आम्ही मागे मेणबत्त्या घेऊन. दार उघडंच होतं. घड्याळवाला बाजूला झाला.

टेबल तिथेच होतं. सासूबाईंनी मूर्ती त्यावर ठेवली, आणि हात काढून घेताना त्यांची बोटं कापडाच्या किनारीवरून गेली. तिथेच थांबली. निळी फुलं ठसठशीत वर उठलेली होती. त्यांनी अंगठ्याने एक फूल चाचपलं, मग दुसरं. तो हात कोणाचा ते त्यांना सांगायला नको होतं.

खोली माणसांनी भरली होती. सगळे वाट बघत होते. सासूबाई वळल्या, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"मागणं काय?"

घड्याळवाला चिडला नाही, आवाज चढवला नाही.

"होतं," तो म्हणाला. "तुम्हालाच सांगायचं होतं तिला. मला नाही सांगितलं."

सासूबाईंनी जपमाळ वर धरली. ओठ उघडले. झोपेतही म्हणता येणारी प्रार्थना, पण त्यांना पहिला शब्द सापडेना. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

मग मीच सुरुवात केली.