क्रेनवाल्यांचा ग्रीक उपवास

‘सोमवारी बारा पतंग पुरतील, की तुमची माणसं स्वतःचे आणणार आहेत?’

हा मेल मी तीनदा वाचला. पाठवणारी एलेनी, थेस्सलोनिकीची. ग्रीसमधलं हे जुनं बंदर. रोमन काळातली कमान, समुद्रकाठचा गोल पांढरा बुरूज आणि घरटी एक खाणावळ असावी इतक्या खाणावळी. एलेनी आमची ग्राउंड पार्टनर, म्हणजे आम्ही हॅम्बर्गमध्ये बसून कागदावर जे ठरवतो ते तिथे प्रत्यक्ष करून देणारी बाई. मी तिला बस, टेबल आणि गाइड यांची खात्री करायला सांगितलं होतं. पतंगांचा विषय कुठेच नव्हता.

मी एका छोट्या एजन्सीत काम करते. कंपन्यांच्या सहली आखून देणं हा आमचा धंदा. जर्मन कंपन्या वर्षातून एकदा आपल्या माणसांना फिरायला नेतात, त्याला बेट्रीब्सआउसफ्लुग म्हणतात. शब्द नीट उच्चारायला मला दोन महिने लागले. थेस्सलोनिकी ही माझी पहिली स्वतंत्र सहल होती, आणि माझी प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे उरले होते. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचे पहिले सहा महिने. त्यात मालकाला तुम्ही पटला नाहीत, तर तो दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतो. त्यामुळे या सहलीच्या एक्सेलवर मी जीव टाकला होता. त्यात टॉयलेटला जाण्यासाठीही वेगळी ओळ होती.

गिऱ्हाईक होतं बंदरातल्या क्रेन दुरुस्त करणारी एक कंपनी. अकरा मेकॅनिक आणि त्यांचं ऑफिस सांभाळणाऱ्या फ्राऊ पेटरसन, मिळून बारा माणसं. ‘जेवणात काय आवडेल?’ असा फॉर्म मी पाठवला होता. अकराही मेकॅनिकांनी एकच शब्द लिहिला होता: फ्लाइश. म्हणजे मांस. म्हणून शेवटच्या दिवशी, सोमवारी, मी सगळ्यात मोठा बार उडवायचं ठरवलं होतं. सकाळी जुन्या बाजारातून खात खात फेरफटका, दुपारी कोळशावर भाजलेलं मांस, संध्याकाळी विमान.

मी एलेनीला फोन लावला.

“पतंग कशाला?”

“सोमवारी सगळे उडवतात ना. स्वच्छ सोमवार. आमचा ईस्टरआधीचा उपवास त्या दिवशी सुरू होतो. सुट्टी असते.”

“म्हणजे बाजार?”

“बंद.”

“आणि ते ग्रिल रेस्टॉरंट?”

“उघडं आहे. पण मांस नाही. त्या दिवशी मांस कोण खातं? मला वाटलं, तू मुद्दाम हा सोमवार निवडलास.”

मुद्दामच निवडला होता. फ्राऊ पेटरसनना खरं तर आदल्या आठवड्यात जायचं होतं. ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मला दिसलं की तो जर्मन कार्निव्हलचा सोमवार आहे. तिथेही कार्निव्हलची गर्दी असेल, टेबलं मिळणार नाहीत, असा विचार करून मीच त्यांना सहल एक आठवडा पुढे न्यायला लावली. मोठ्या ऐटीत लावली. ग्रीक चर्च ईस्टर स्वतःच्या जुन्या कॅलेंडराने मोजतं आणि त्या वर्षी त्यांचा ईस्टर बरोबर एक आठवडा उशिरा होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुण्यात वाढलेल्या बाईने ही चूक करावी याची मला जास्त लाज वाटली. माझी आई दर संकष्टीला मला चंद्रोदयाची वेळ पाठवते. ती वेळ पुण्याची असते. हॅम्बर्गला चंद्र वेगळ्या वेळी उगवतो, आणि बहुतेक वेळा ढगांमुळे दिसतही नाही. गावागणिक वेळ बदलते हे मला चांगलं कळत होतं. ख्रिश्चनांचा ईस्टर मात्र सगळीकडे एकाच दिवशी येतो, असं मी खुशाल धरून चालले होते.

आमचे मालक हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब, साठीचे आहेत. कमी बोलतात. मी त्यांच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं.

“आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, ते म्हणाले. “तारीख कोणी बदलली?”

“मी.”

“गिऱ्हाईकाला माहीत आहे?”

“अजून नाही.”

“तिकिटं आता बदलता येणार नाहीत. उद्या दुपारी जाऊन सांगा. फोनवर नको. आणि जाताना प्लॅन बी घेऊन जा.”

मी जागेवर आले आणि एलेनीला पुन्हा फोन केला. म्हटलं, त्या दिवशी लोक जे काही खातात ते सगळं सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. वर तीळ लावलेला चपटा पाव, जो वर्षातून त्याच दिवशी भाजतात. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. टोमॅटोत शिजवलेले पांढऱ्या घेवड्याचे मोठे दाणे. ऑलिव्ह. लोणची. कोळंबी, शिंपले, माकूळ, ऑक्टोपस. शेवटी तिळाचा हलवा.

“मासा?”

“छे, मासा चालत नाही. त्यात रक्त असतं.”

“आणि कोळंबी चालते?”

“कोळंबीत कुठे रक्त?”

मला हे लगेच पटलं. उपवासाला कांदा चालत नाही, पण परदेशातून आलेला बटाटा आणि मिरची चालते, अशा घरात मी वाढले आहे. हा उपवास माझ्या ओळखीचा होता. उपवासाच्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून स्वयंपाकघरात जेवढी गडबड असते तेवढी एरवी कधीच नसते.

अडचण शब्दाची नव्हती, अनुभवाची होती. जर्मन माणूस उपवास करतो तेव्हा तो खरोखरच उपवास करतो. गाजराचा रस, काढा, आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी. फ्राऊ पेटरसनसमोर ‘उपवास’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ती पिशवी येणार. म्हणून मी ठरवलं, आधी वाढायचं आणि मग बोलायचं.

संध्याकाळी घरी जाताना अफगाण दुकानातून साबुदाणा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा माणसांची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि दाण्याचे लाडू केले. निघण्याआधी फ्राऊ पेटरसनना कळवलं की दुपारचं जेवण घेऊन येते आहे. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: अ‍ॅलर्जीची यादी लेखी हवी. मी लिहून दिलं की शेंगदाणे सगळ्यात आहेत, फक्त बटाट्याच्या भाजीत नाहीत. सुदैवाने शेंगदाण्याचं कोणालाच वावडं नव्हतं.

कंपनीच्या कँटीनमध्ये अकरा धिप्पाड माणसं बसली होती. मधे फोरमन उवे. त्याने काट्यावर एक साबुदाणा उचलून उजेडात धरला.

“हे आरपार दिसतंय,” तो म्हणाला.

“तसंच असतं. खा.”

त्याने खाल्लं. पुन्हा घेतलं. मग बोलणं बंद झालं आणि फक्त चमच्यांचा आवाज येऊ लागला. पातेल्याचा तळ दिसायला लागल्यावर मी उभी राहिले.

“तुम्ही आत्ता जेवलात ते उपवासाचं जेवण आहे,” मी म्हटलं. “आणि सहलीच्या सोमवारी थेस्सलोनिकीत उपवास आहे. बाजार बंद असेल. मांस मिळणार नाही. तारीख मी बदलायला लावली होती. चूक माझी आहे.”

फ्राऊ पेटरसननी चमचा खाली ठेवला. “म्हणजे माझ्या माणसांनी सहलीला जाऊन उपवास करायचा?”

“असा करायचा.” मी त्यांच्या रिकाम्या बशीकडे बघितलं. मग एलेनीची यादी वाचून दाखवली आणि त्या दिवशी तिथे सगळे पतंग उडवतात हेही सांगितलं.

त्यांनी वही काढली. “या तुमच्या उपवासात कोबी का नाही?”

“कोबी चालत नाही.”

“बटाटा चालतो?”

“हो.”

“नियम काय आहे?”

“आई सांगेल ते चालतं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. उवे इतका वेळ विचारात होता. “बीअर?” त्याने विचारलं.

“ग्रीकांना चालते.”

त्यांच्यातला एक मूळचा म्युनिककडचा होता. तो म्हणाला, आमच्याकडचे साधूही उपवासाच्या दिवसांसाठी खास कडक बीअर करायचे. “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, उवे म्हणाला आणि विषय संपला. लाडू तोंडात टाकून त्याने मला विचारलं, “हा जर तुमचा उपवास, तर सणाला तुम्ही काय करता?”

फ्राऊ पेटरसननी बदललेला कार्यक्रम लेखी मागितला. पतंग मात्र आमचे आम्ही करू, असं उवेने ठणकावलं. दोर, वजन आणि वारा हे त्यांचं रोजचं काम होतं. पुढचे दहा दिवस वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक पतंग तयार होत होता, दाराएवढा.

तो सोमवार उजाडला. मी हॅम्बर्गमध्ये टेबलाशी बसून होते. बाहेर पाऊस. मी ते गाव आजतागायत पाहिलेलं नाही, पण तिथल्या प्रत्येक सिग्नलला किती मिनिटं लागतात ते मला पाठ आहे. बाराला जेवण, एकला पतंग, साडेतीनला एअरपोर्टची बस. तिथले दोन वाजले असताना एलेनीचा फोन आला.

“ते उठत नाहीयेत,” ती म्हणाली.

“कोण?”

“तुझे उपवासवाले. बस एक वाजल्यापासून उभी आहे. अजून ऑक्टोपस चालू आहे. हलवा यायचाय. उवे म्हणतो, हलवा खाल्ल्याशिवाय उपवास पूर्ण होत नाही.”

मी एक्सेल उघडलं. हेर ब्रांट केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“जेवण, एक तास?”

ओळ भरताना माझ्या मनात आलं होतं की उपवास तर आहे, कितीसा वेळ लागणार.

“एलेनी, पतंग रद्द,” मी म्हटलं. “तेवढा वेळ जेवणाला दे. आणि फोन उवेकडे दे.”

“फ्राऊ जोगळेकर,” उवेचा आवाज एकदम प्रसन्न होता. “एका तासात कोणी उपवास करतं का?”

“उवे, साडेतीनला बस हलली नाही तर विमान जाईल आणि माझी नोकरी जाईल.”

त्याने विचारलं, “हलवा?”

“डब्यात बांधून घ्या.”

“असं चालतं?”

“आमच्याकडे असंच करतात.”

तीन वाजून चौतीस मिनिटांनी बस हलली. बारा माणसं आणि बारा डबे. विमान मिळालं. पतंग तसाच परत आला. पुढच्या रविवारी एल्ब नदीच्या काठावर त्यांनी तो उडवला आणि मलाही बोलावलं. दोर तुटला नाही, उवे मात्र दहा पावलं ओढला गेला.

आठवड्याभरात फ्राऊ पेटरसनचा अभिप्राय आला. जर्मनीत एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास. जेवणाला एक मिळाला होता. वेळेच्या नियोजनाला चार. पुढे शेरा: ‘उपवासाला वेळ कमी पडला.’

हेर ब्रांटनी तो कागद मला वाचून दाखवला. “तुम्ही लहानपणापासून उपवास करता ना?”

“हो.”

“मग एक तास कसा धरलात?”

त्यांनी खणातून एक पत्र काढून पुढे सरकवलं. प्रोबेत्साइट पार पडली, नोकरी कायम. मी खालच्या सहीजवळची तारीख बघितली. मी त्यांच्यासमोर उभी राहून “मी” म्हणाले होते, त्याच दिवशी त्यांनी सही केली होती. मला रडू आलं. हेर ब्रांट खिडकीबाहेर बघत राहिले आणि पाऊस वाढलाय म्हणाले.

आईला मी हे सगळं सांगितलं. तेव्हापासून ती संकष्टीला पुण्याची आणि हॅम्बर्गची, अशा दोन्ही वेळा पाठवते. माझ्या एक्सेलमध्येही आता एक नवा कॉलम आहे: ‘कोणाचं कॅलेंडर?’ नव्या माणसांना मी एवढंच शिकवते की ज्या गावाला लोक पाठवायचे, त्या गावचे सणवार आधी बघावेत. आणि उपवासाच्या जेवणाला कमीत कमी साडेतीन तास धरावेत. डबे वेगळे.