केळीच्या चिकासाठी सोडलेली जागा

शांतवन आबा दुकानात आले की आधी एक कोरा कागद मागायचे. तो दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचे, डोळे मिटायचे आणि स्वतःशीच विचारायचे, "हाऊ कागद कोना हातमा जाई?" मग बराच वेळ काहीच नाही. पंखा गरगरत असायचा, बाहेर रिक्षावाले ओरडत असायचे, माझी दुसरी गिऱ्हाइकं घड्याळ बघायची, आणि आबा आपले कुठल्या कुठे पोहोचलेले. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

धुळ्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. आबा साक्रीकडचे, निवृत्त मास्तर. माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायचे, पण मनातलं काही निघालं की अहिराणीत निघायचं. आमच्या गल्लीमागच्या ख्रिस्तमंदिराची सगळी पत्रकं तेच करून घ्यायचे. हे काम त्यांच्याकडे आलं त्याचीही गंमतच आहे. आधी तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, मजकूर द्यायचे. एकदा त्यांनी दिलेल्या मजकुरातला 'प्रभुभोजन' हा शब्द मी लाल रंगात सगळ्यांत मोठा टाकला. मला काय ठाऊक, तिथे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट असतो ते! रविवारी आजूबाजूच्या बायका पोराबाळांसकट जेवायला हजर. मंदिरातल्या बायकांनी धावपळ करून वरण-बट्टी रांधली. पाळकसाहेब माझ्यावर तणतणले. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? आपण जेवायला बोलावलं, त्या आल्या. कागद कोणाच्या हातात जाणार, हे आधी बघायला हवं."

तेव्हापासून ते बघायला लागले. मी जरा तोंडाळ आहे, त्यामुळे आमची रोज खडाजंगी. ते मजकूर कापत सुटायचे. पाहुण्यांची नावं काढ, पदव्या काढ, हार घातलेले फोटो काढ. एकच गोष्ट ठेव. कधी, कुठे, आणि 'या'. मी म्हणायचे, आबा, आता लोक मोबाईलवर बघतात. त्यावर ते हसायचे. मोबाईलवर बोट सरकून जातं, कागद हातात थांबतो, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी अक्षर मोठं करायला लावायचे. त्यांची नजर कमी होतेय असं मी धरून चालले होते. आणि चारही कडांना एवढी कोरी जागा सोडायला लावायचे की मजकूर बिचारा मधे अंग चोरून बसायचा.

एकदा मी वैतागलेच. म्हटलं, ही जागा फुकट का घालवायची? आबांचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "असू दे माय. तिच्या हाताला केळीचा चीक असतो. कागद धरला की काळे डाग पडतील. अक्षरावर नको पडायला."

धुळ्यात कुठली आलीय केळी? मी विचारलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. त्यांची धाकटी बहीण, एस्तेर. केळीसाठी नावाजलेल्या सावद्याच्या एका बागायतदाराच्या मुलाशी तिनं घरच्यांना न विचारता लग्न केलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण नाही. माहेरचा कुणीतरी आणायला जावा लागतो, बहुतेक भाऊच. त्याला मुराळी म्हणतात. आबांच्या वडिलांनी सांगून टाकलं, हिला आणायला मुराळी जायचा नाही. वडील गेले त्यालाही आता जमाना झाला. पण आबांचा पाय उचलला नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचे. म्हणून पत्रकं. प्रत्येक कार्यक्रमाची थोडी पत्रकं ते केळीच्या गाडीवाल्यांबरोबर सावद्याला धाडायचे. नाताळच्या उपासनेला मी केक खायला जायचे, तेव्हा बघायचे. आबांच्या शेजारची जागा रिकामी, आणि त्यांचं लक्ष दाराकडे.

डोळे मिटून ते तिलाच बघत असत. केळीच्या पानांतून झिरपणारा हिरवा उजेड, पाटाचं पाणी, पदराला हात पुसत कागद घेणारी एस्तेर. वर्षं गेली तशी त्या उजेडातली एस्तेरही म्हातारी होत गेली, म्हणून अक्षर मोठं होत गेलं. हे कळलं त्या दिवशी माझ्याच्यानं पुढचं काम झालं नाही.

गेल्या वर्षी आखाजीच्या आठवड्यातच मंदिराचा वर्धापनदिन आला. आबा खूप थकले होते, जिना चढताना थांबायचे. परत तोच कागद, तेच डोळे मिटणं. मला राहवलं नाही. "आबा," मी म्हटलं, "मुराळी कधी कागदाचा असतो का?"

पत्रक झालं, पैसे देऊन, गठ्ठा दुकानातच ठेवून आबा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून आले, गठ्ठ्यातलं एकच पत्रक घेतलं आणि एसटी पकडायला निघाले.

पुढचं त्यांनीच सांगितलं. एस्तेर अंगणात होती. इतक्या वर्षांतलं एकही पत्रक तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. आबांनी हातातलं पुढे केलं, तर ती त्याच्याकडे बघेचना. म्हणाली, "कागद कसाले? तूच येवाना व्हता." आणि माहेरी निघायची पिशवी भरायला आत गेली.

वर्धापनदिनाला ती आबांच्या शेजारी बसली होती. ताठ, तरतरीत, चष्मासुद्धा नाही. उपासना संपल्यावर तिनं पत्रक हातात घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "इतलं मोठं अक्षर? मी काय आंधळी शे का?" आबा हसता हसता रडायला लागले. डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाले, "माय, पुढल्या वेळी बारीक कर."

पुढली वेळ आली ती आबांच्या स्मरणसभेची. पावसाळा संपता संपता ते झोपेतच गेले. दफनाला एस्तेरआक्का येऊन गेल्या होत्या. पत्रक मी केलं. नाव, दिवस, ठिकाण, आणि 'या'. अक्षर बारीक ठेवलं, कडा मात्र तशाच रुंद. गाडीवाल्याकडे काही दिलं नाही. दुकान बंद केलं आणि मीच सावद्याला गेले.

एस्तेरआक्का केळीच्या बागेत होत्या. आबा सांगायचे तसाच हिरवा उजेड होता तिथे. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी हात पदराला पुसले, निरखून पाहिले आणि परत मागे घेतले. "हातले चीक शे माय," त्या म्हणाल्या, "तूच वाच."

मी वाचायला लागले. आबांच्या नावापर्यंत आले आणि पुढे वाचवेना. आक्का पिशवी भरायला घराकडे निघाल्या.