बंद खदानीतली हाळी

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याविरुद्धच्या चळवळीत मी स्वतः पत्रकं वाटली आहेत. हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसलो असतो.

जागा जिंतूर तालुक्यातली. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही, चळवळ अजून चालू आहे. आमच्या वस्तीमागे दगडाची बंद खदान आहे. कंत्राटदार गेला, पण मलबा आणि चुरीचा डोंगर नाल्याच्या तोंडात ठेवून गेला. आता शहराची नवी नाली त्याच नाल्याला जोडायची होती. नालीवाले म्हणणार, मलबा खनिज खात्याचा. खनिजवाले म्हणणार, नाला नालीवाल्यांचा. मग तुंबलेलं पाणी कुणाचं? आमचं! अख्ख्या शहराची घाण आमच्या चुलीपर्यंत. मागणी एकच होती — आधी मलबा उचला, मग नाली जोडा.

शेवटी नालीवाल्यांचे इंजिनिअर साहेब पाहणीला आले. भर दुपार, पान हलत नव्हतं. साहेब नाल्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "नाली तर होऊ द्या, मलब्याचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे, पाणी तुमच्या सोफ्याखाली आल्यावर का?" मी.

"त्यांच्या घरी कशाला येईल रे," शेजारच्या गंगाधरमामांची बायको, मामी, फणकारली. "ते वरच्या अंगाला ऱ्हातेत!"

आणि तेवढ्यात, खदानीच्या पोटातून —

"बाऽऽजूऽऽ! सुरुंऽऽग!"

खदानीशेजारी वाढलेला माणूस ही हाळी ऐकल्यावर विचार करत नाही. हातातलं टाकायचं, मोठ्या दगडाआड बसायचं, कानावर हात आणि तोंड उघडं, म्हणजे कानाचे पडदे फाटत नाहीत. मी हे लहानपणी शेवटचं केलं होतं. पण अंगानं आपोआप केलं. मी, मामा, मामी, तिघंही दगडाआड आ वासून बसलो.

सुरुंग काही उडाला नाही.

"काय झालं तुम्हाला?" साहेब मोकळ्यावरून ओरडले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. पण त्यांचे केस, भुवया, खांदे... सगळं पांढऱ्या भुकटीनं माखलेलं. नुकताच दगड फुटावा तसं. आमच्यावर कणही नव्हता. त्यांनी बाही झटकली, खोकले, आणि झरझर बाजूला येऊन म्हणाले, "नालीचं काम थांबवा. आधी हे उचलू." पुढे दोन्ही खाती एका टेबलावर बसली. इतकी वर्षं आम्ही घसा फोडला, तेव्हा का नाही बसली?

पण मला झोप येत नाही ती यामुळे नाही. खदान चालू असताना ती हाळी द्यायचं काम गंगाधरमामांचं होतं. आणि त्या दुपारी मामा माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते.

"मामा, गंमत केली का?"

"येडा हायस का? आता माझ्या घशातून एवढा आवाज निघंल का?" मग हळूच म्हणाले, "पर व्हता माझाच. जवानीतला."

"ह्यांचाच व्हता," मामी म्हणाली. "संसार केलाय मी त्या आवाजासंग."

चळवळीतले मित्र म्हणतात, भास. तिघांना एकच? बरं, आणि वारा नसताना साहेबांवरची भुकटी? पत्रकं वाटलेला मी हे विचारतो, याचाच मला संताप येतो.

आता मलबा उचलायलेत. ढिगारा घसरतो, म्हणून मशीन चालवण्याआधी कुणीतरी हाळी द्यायला हवी. ऑपरेटर मामांकडे आला, तर मामा नको म्हणाले. मी चिडलो. "वस्तीसाठी एवढंही होत नाही?"

मामांनी खदानीकडे बोट दाखवलं.

"देतो की रे. पर मी तोंड उघडायच्या आदीच तिकडून आली तर?"

सध्या हाळीऐवजी शिट्टी मीच वाजवतो. वाजवून झाली, की मशीनवाल्याला हातानं थांबवतो आणि थोडा वेळ कान देऊन उभा राहतो.