आमच्या घरची कावीळ

आजी काविळीने गेली. मोठी मावशी काविळीने गेली. आमच्याकडे असंच सांगतात आणि मीही तसंच सांगत आले.

धानाच्या बांध्यांतून सायकल हाणत तिरोड्याच्या कॉलेजात जाऊन मी बी.एस्सी. झाले. आईकडून, बाबांकडून, दोन्ही घराण्यांत पहिली. हे सांगताना मी आजही लाजत नाही. घरात कोणताही कागद आला की माझ्याकडे यायचा आणि दवाखान्यात मायच्या वतीने मीच बोलायची.

दोन हजार चारच्या आसपास मायचं पोट दुखायला लागलं. गोंदियात सोनोग्राफी केली, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, घरात आधी कुणाला हा त्रास, कुणाला कॅन्सर? माय म्हणायला लागली, "माझी माय..." मी तिचा हात दाबला आणि ठणकावून सांगितलं, "नहीं सर, किसी को नहीं." कावीळ म्हणजे लिव्हरचा आजार, एवढं मला पुस्तकातून पाठ होतं. डॉक्टर म्हणाले, मग पाहू, त्रास वाढला तर काढू. परतताना एसटीत मायने विचारलं, काढून टाकू काय? मी म्हटलं, "काही घाई नाही. धान निघू दे."

धान निघालं. पुढच्या सालचंही निघालं. त्यानंतर मायचे डोळे पिवळे झाले.

आमच्या भागातल्या गोरेगावकडे एक बुवा काविळीची माळ घालायचे. झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफायचे आणि ती माळ डोक्यावर ठेवायची. ती रोज वाढते, गळ्यात येते, खाली सरकते. पायापर्यंत आली की कावीळ उतरली. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात म्हणून माळ वाढते, हे मी शेजारच्या पोरींना हसत हसत समजावलं होतं. तरी मायला तिकडे मीच नेलं. आजीलाही तिथेच नेलं होतं, मावशीलाही. माळ पोटापर्यंत आली तेव्हा माय खूश होती. "उतरून राहिली, पाह्य," म्हणायची. डोळे मात्र हळदीसारखे होत चालले होते.

नागपूरला नेलं तेव्हा नर्सने कात्रीने माळ कापली. माय म्हणाली, फेकू नका, आणि मी ती पिशवीत ठेवली. तिथल्या डॉक्टरांनी सगळं पुन्हा विचारलं. आजी कशाने गेल्या? काविळीने. मावशी? काविळीने. त्यांनी पेन खाली ठेवला. कावीळ हा आजार नाही, खूण आहे, म्हणाले. पित्ताच्या पिशवीतली कॅन्सरची गाठ पित्ताची वाट अडवते तेव्हाही डोळे पिवळे होतात, यांचं तेच झालंय. त्या दोघींना काय होतं ते आता कुणी सांगू शकत नाही. पण खडे आणि ही गाठ, दोन्हींचा धोका काही घरांत रक्तातून येतो. सगळ्यांना होत नाही, तरी अशा घरात खडा दिसला की आम्ही तो फार दिवस बसू देत नाही.

आईबापांकडून काय उतरतं ते शिकताना उंच आणि बुटक्या वाटाण्यांचे चौकोन मी कॉलेजात किती आखले होते. त्यातल्या एकाही चौकोनात आजीला बसवून पाहिलं नाही.

माय दोन महिन्यांनी गेली.

डॉक्टरांनी आम्हा दोघी बहिणींना सोनोग्राफी करायला सांगितलं होतं. माझी साफ आली. लहानीच्या पिशवीत तुरीच्या दाण्याएवढा एक खडा निघाला. ती गोरेगावला दिली आहे, दोन लेकरं आहेत. मी रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"दुखत नाही तं कापू कायले, ताई?"

मी समजावलं. आजी, मावशी, माय, सगळं. तिने विचारलं, मलेही होईलच असं हाये काय? खोटं कसं बोलणार? नाही म्हटलं, होईलच असं नाही.

"मंग?" सूप खाली ठेवून ती म्हणाली, रागाने नाही, "मायले तं तूच म्हनली होतीस, काही घाई नाही म्हून."

त्यानंतर मी कितीदा गेले. तिच्या नवऱ्यालाही सांगितलं. ते म्हणतात, तिचं पोट, तिची मर्जी. आता मी दारात पाय ठेवते तेव्हा ती बसायलाही म्हणत नाही. आधी बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवते.

"पाह्य. पांढरेच हायेत."

मी उजेडाकडे तिचं तोंड फिरवते आणि पाहते.