भिंतीकडे तोंड केलेली बहीण

अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सला एक क्लबहाउस होतं. २००८ च्या जानेवारीत तिथे एकाच रविवारची दोन बुकिंग्ज झाली. एक आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाचं. दुसरं माझ्या ऑफिसच्या टीममधल्या चिनी मैत्रिणीचं, तिच्या आईसाठी.

आई ऐंशीची. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेली, पुढच्या आठवड्यात परत जाणार होती. १९३७ च्या हिवाळ्यात जपानी फौज चीनच्या नानजिंग शहरात शिरली तेव्हा ती लहान होती. सैनिकांनी तिच्या डोळ्यांदेखत थोरल्या बहिणीला ओढून नेलं. बहीण परत आली नाही, तिचं प्रेतही मिळालं नाही. असं काही घडलंच नाही, असं म्हणणारे पुढारी जपानमध्ये आजही आहेत. म्हणून म्हातारीला एकच हवं होतं: जाण्याआधी इथल्या परक्या माणसांनी तिच्या बहिणीचा चेहरा बघावा. दोघी बहिणींचा एकच फोटो होता. मामाच्या गावी होता म्हणून वाचलेला. मैत्रिणीनं तो मोठा करून फ्रेम केला. शेजारी त्या शहराचे त्या हिवाळ्यातले जुने फोटो लावले. नदीकाठी पडलेली माणसं, पाठीमागे हात बांधलेली पोरं.

रविवारी दुपारी आम्ही सजावटीला गेलो. मंडळाच्या अध्यक्ष काकू दारातच थबकल्या.

“अगं बाई! हळदीकुंकवाला भिंतीवर प्रेतं?”

“काकू, त्यांचं बुकिंग संध्याकाळपर्यंत आहे.”

“मग आपण काय पार्किंग लॉटमध्ये वाण लुटायचं? दोन तास उलटी करून ठेवू फ्रेम्स. कुणाला कळतंय!”

स्पीकर जोडायला आलेले काका तारा सोडवता सोडवता म्हणाले, “आणि जपाननं आपल्या आझाद हिंद फौजेला बंदुका दिल्या होत्या, विसरू नकोस. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र.”

“काका, फोटोतल्या या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“झालं! आता ही मोर्चा काढणार. बापावर गेलीय.”

सगळे हसले. गेलेच आहे मी बापावर. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. दर पत्रकाच्या शेवटी वडील एक वाक्य हटकून छापायचे: जुलूम कुणी केला हे नंतर, कुणावर झाला ते आधी विचारा.

मी भिंतीसमोर उभी राहिले. काकूंनी मला वळसा घातला आणि थेट मैत्रिणीला फोन केला. शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून ती बिचारी “इट्स ओके” म्हणाली.

“बघ, तिचं काही म्हणणं नाही. तुझंच काय ते!”

एकेक फ्रेम उलटी झाली. त्यावरून काकूंची जांभळी पैठणी सोडली आणि पैठणीवर थर्माकोलची अक्षरं टाचली: तिळगूळ घ्या, गोड बोला. मूळ फोटो बघताना मला राग आला होता. ती अक्षरं बघून तो जपानवरून आमच्याकडे वळला. नाकारायला पुढारीच लागतात असं नाही, चार सेफ्टी पिना पुरतात.

म्हातारी आली, कारण मी तिला आठवड्यापूर्वीच हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिनं भिंत बघितली. पैठणीची कड उचलून बहिणीची फ्रेम काढली आणि ओळीतल्या शेवटच्या खुर्चीवर बसली. फ्रेम मांडीवर, चेहरा आमच्याकडे. लेक तिच्या मागे उभी राहिली.

काकू करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत आल्या. तिच्यासमोर त्यांचं बोट हवेत थांबलं.

“हिचे मिस्टर आहेत ना गं?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“काकू, नवऱ्याचं राहू द्या. मांडीवर कोण आहे ते विचारा.”

“आपलं रीतीप्रमाणे विचारलं हो.”

कुंकू लावलं नाहीच. वाण मात्र चुकवता येत नाही, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचा डबा दिला. दिला म्हणजे फ्रेमच्या काचेवर ठेवला, टेबलावर ठेवावा तसा. बहिणीच्या तोंडावर. म्हातारीनं तो उचलून जमिनीवर ठेवला आणि बाहीनं काच पुसली.

मी जाऊन पैठणी खेचली.

“अगं, फाटेल ना ती!” काकू किंचाळल्या. त्या संध्याकाळी भिंतीकडे बघून त्यांच्या तोंडून निघालेली एवढीच किंकाळी.

मी फ्रेम्स सुलट्या करत असताना म्हातारी उठली. तिनं आपली फ्रेम पहिल्या खुर्चीवरच्या बाईपुढे दोन्ही हातांनी धरली. हळदीकुंकवात कुणी पुढे केलेलं नाकारायचं नसतं. त्या बाईनं घेतली, पाहिली, शेजारणीला दिली. फ्रेम ओळीतून पुढे सरकत गेली. कुणी चटकन पुढे ढकलली. नागपूरच्या एका मुलीनं मात्र धरून ठेवली आणि म्हणाली, “हिचं नाव काय होतं?” लेकीनं विचारलं, म्हातारीनं सांगितलं. मुलीला ते धड म्हणता येईना, तरी ती दोनदा म्हणाली.

काकूंची पाळी आली.

“माझे हात कुंकवाचे आहेत गं,” म्हणत त्या कॉफी बघायला गेल्या.

फ्रेम परत हातात आल्यावर म्हातारी लेकीला काहीतरी म्हणाली.

“किती जणींनी पाहिलं, विचारतेय,” मैत्रीण म्हणाली.

मी खुर्च्या मोजून आकडा सांगितला. त्यात काकूंना धरलं नाही.